बावीस काठेवाडी

सावळीच्या नाकपुडीत मी कापसाची काडी फिरवली, तेव्हा तिने मान झटकली नाही. सकाळपासून एकोणसाठ गाढवं माझ्या हाताखालून गेली होती. त्यांतल्या निम्म्यांनी झटका दिला, दोघांनी चावा घेतला आणि एकाने लाथ घालून माझी खुर्ची मोडली. सावळी मात्र गप्प उभी राहिली, कारण ती मला ओळखते. सहा वर्षांपूर्वी ती आईच्या पोटात आडवी अडकली होती, तेव्हा कोपरापर्यंत हात घालून तिला बाहेर ओढणारी मीच.

काडी यंत्राच्या खाचेत बसवली. यंत्रात एका वेळी बारा काड्या बसतात आणि निकालाला अकरा मिनिटं लागतात. आडव्या लोखंडी दांडीच्या पलीकडे दावं धरून अण्णा उभे होते. दुर्गाप्पा कुसाळकर, माझे वडील, डोंगरखडीच्या जत्रेत चाळीस वर्षं गाढवं विकणारे. आम्ही मातीवडार. आजोबांच्या काळात आमच्या गाढवांनी तळ्यांची आणि बंधाऱ्यांची माती वाहिली. आता ती गडांच्या डागडुजीचा दगड-चुना वाहतात, कारण जिथे ट्रॅक्टर चढत नाही तिथे आजही गाढवच चढतं. आमच्या पालांवरून सरकारी नोकरीत गेलेली पहिली मुलगी मी, आणि नोकरी कसली, तर गाढवांच्या नाकात काड्या घालायची! लोक हसायचे. "अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं सरकार आता नाक धरायला लागलं," म्हणायचे. मीही हसायचे.

त्या दिवशी हसू येत नव्हतं. पडद्यावर अक्षरं उमटली : काठेवाडी त्रेपन्न टक्के. उर्वरित अनिश्चित. वर्ग : मिश्र.

यंत्राच्या पोटातून नारिंगी बिल्ला बाहेर आला.

"काय आलं?" अण्णांनी विचारलं.

"मिश्र."

"पुन्हा घाल की काडी."

"दहादा घातली तरी तेच येणार, अण्णा."

"ती गाभण हाय, अंबे."

"ठाऊक आहे मला."

मी बिल्ला सावळीच्या उजव्या कानाला टोचला. अण्णा सावळीला घेऊन पूर्वेच्या कुंपणाकडे चालायला लागले. त्यांच्या मागे रांगेत आमचीच आणखी आठ गाढवं होती. ती सगळी नारिंगी निघाली.

नवा कायदा वाईट हेतूने आला नव्हता, हे मी आजही म्हणेन. देशातली गाढवं झपाट्याने घटत होती. जी होती त्यांचे वंश एकमेकांत मिसळत होते. वंश वाचवायचे, तर आधी ते ओळखायचे आणि त्यांत भेसळ होऊ द्यायची नाही, असा साधा विचार. मान्य वंशाचं गाढव निघालं की पांढरा बिल्ला, चाऱ्याचं अनुदान आणि पैदाशीची परवानगी. मिश्र निघालं की नारिंगी बिल्ला. नारिंगी बिल्ल्याचं गाढव सरकार ताब्यात घेतं आणि एका कंपनीला देतं. कंपनी त्याच्या कातड्यातल्या कोलॅजेनपासून भाजलेल्या जखमांवरचं मलम बनवते. मलम उत्तम आहे. स्टोव्ह भडकून माझ्या मावशीचा हात भाजला होता, तो त्यानेच भरून आला. सहीपुरतं शिकलेल्या माझ्या मावशीला ते मलम कशाचं, हे मी कधी सांगितलं नाही.

डोंगरखडीच्या माळावर त्या दिवशी तीन टेबलांवर मिळून एकशे नव्वद गाढवं तपासली गेली. सौराष्ट्रातून व्यापाऱ्यांनी आणलेली पन्नास पांढऱ्या बिल्ल्याची ठरली. उरलेली एकशे चाळीस नारिंगी. कंपनीचे सात ट्रक कुंपणाबाहेर लागले होते आणि ते चार वाजता निघणार होते. घड्याळात साडेबारा झाले होते. मी टेबल सोडलं आणि हर्डीकरसरांच्या तंबूकडे धावले.

डॉक्टर हर्डीकर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. या यंत्राला शिकवणारे तेच. मला नोकरीवर घेतलं तेही त्यांनीच. मुलाखतीत बाकीच्या उमेदवारांना त्यांनी जनुकांबद्दल विचारलं आणि मला म्हणाले, "गाढवाचं वय दातांवरून सांगता येतं का?" मी म्हटलं, "दोन दात बदलले की दुवान, चार बदलले की चौवान, सगळे बदलले की अखंड." एवढ्यावर माझी निवड झाली. माणूस सरळ होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

"सर, एकशे चाळीस जनावरं मिश्र कशी असतील? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरच्या घरी पैदास होते. बाहेरचा नर आम्ही लावत नाही."

"अंबिका, बस. पाणी घे."

"चारला ट्रक जाणार आहेत."

"म्हणूनच शांतपणे ऐक." त्यांनी मोठा पडदा माझ्याकडे वळवला. "हा आपला संदर्भ-संच. तू प्रशिक्षणात पाहिला असशील, पण पुस्तिकेतलं चित्र बारीक होतं."

पडद्यावर ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक गाढव.

ते मला समजावत गेले आणि मीही ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. यंत्राला गाढव कळत नाही. सगळ्या गाढवांचा जनुकीय मजकूर जवळजवळ सारखाच असतो, फरक असतो तो काही ठरावीक जागी, एखाद्या अक्षराचा. अशा आठशे जागा यंत्र वाचतं. मग ते पाहतं, की हा नमुना आधी शिकवलेल्या कोणत्या ढिगाशी जुळतो. काठेवाडी म्हणून नोंदलेल्या गाढवांचा एक ढीग, कच्छींचा दुसरा, हिमालयातल्या स्पितींचा तिसरा. पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर जुळलं, तर त्या वंशाचं. नाही जुळलं, तर मिश्र. ढिगांना नावं यंत्र देत नाही. ती माणसांनी दिलेली असतात. नमुना गोळा करताना मालकाला विचारायचं, जात कोणती, आणि तो सांगेल ते अर्जावर लिहायचं.

"गावठींचा ढीग का नाही मग?" मी विचारलं.

"करायचा होता. पण गावठी म्हणून ज्यांनी नमुने दिले, ती खरोखरच कुठली कुठली गाढवं होती. वीटभट्टीवरची, रस्त्यावर सोडलेली. ठिपके सगळीकडे विखुरले. एकत्र येत नाहीत, तर वंश कसा म्हणायचा?"

"आणि हे काठेवाडी? यांचे दोन पुंजके का दिसतात?"

सर पडद्याकडे वाकले. "दिसतात खरे. एक मोठा, एक लहान. सौराष्ट्रातच दोन पोटजाती असाव्यात, असं आम्ही धरलं."

मी लहान पुंजक्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. ठिपका उघडला. जनावराचा फोटो, नमुन्याचा क्रमांक, खाली मूळ अर्जाची प्रत. फोटोतलं गाढव उंच, फिकट रंगाचं, नुकतंच धुतलेलं. पण खांद्यावरून खाली उतरणारा काळा पट्टा धुऊन गेला नव्हता. डाव्या कानाच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी खाच होती.

अर्जावर लिहिलं होतं : जात – काठेवाडी. खाली अंगठा. अक्षर गोल, वळणदार, 'ठ'च्या पोटात विनाकारण एक टिंब.

ते माझं अक्षर होतं.

मी एकेक ठिपका उघडत गेले. बावीस ठिपके, बावीस फोटो. सगळे डोंगरखडीच्या जत्रेतले, बारा वर्षांपूर्वीचे. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि आख्ख्या बाजारात लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून सगळ्यांचे अर्ज मीच भरले होते, आणि बाजारातले जाणते म्हणून सगळ्यांच्या वतीने अंगठा अण्णांनी उमटवला होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर. ऊन लागलं असेल," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

अण्णा पूर्वेच्या कुंपणाशी बाभळीखाली बसले होते. सावळी आतल्या बाजूने नाक बाहेर काढून त्यांचं पागोटं हुंगत होती. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"अण्णा, बारा वर्षांमागं इथं माणसं आली होती. कापूस घेऊन. आठवतं?"

"हां. चहा पाजला होता त्यांनी."

"त्यांनी तुम्हाला जात विचारली. तुम्ही काठेवाडी सांगितलंत."

"मग काय गावठी सांगू? बाजार होता तो!"

हे आमच्या धंद्यातलं आहे, बाहेरच्याला कळायचं नाही. गावठी हा शब्दच बाजारात उच्चारायचा नसतो. आपल्या कळपातली उंच आणि फिकट निवडायची, महिनाभर बाजरी चारायची, रिठ्याच्या पाण्याने घासून धुवायची, आयाळ कातरायची, आणि गिऱ्हाइकाने विचारलं की छाती काढून सांगायचं : काठेवाडी हाय. गिऱ्हाईक मान डोलावतं. त्यालाही ठाऊक असतं, खांद्यावरचा काळा पट्टा आमच्या गावठींचा. त्याच्यापुढे जो विकत घेणार त्यालाही तो तेच सांगणार असतो. याला कोणी खोटं म्हणत नाही. याला बाजारात बोलणं म्हणतात.

खरं हवं असेल तर त्याची रीत वेगळी. गिऱ्हाइकाने म्हणायचं, "माती उचल." मग विकणाऱ्याने पायाखालची चिमूटभर माती उजव्या तळहातावर घ्यायची आणि बोलायचं. हातात माती असताना आमचा माणूस खोटं बोलत नाही, मेला तरी नाही. पण तसं विचारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं, म्हणून कोणी विचारत नाही. माती उचलून ज्याला आपलाच माल खोटा सांगावा लागला, त्याने त्या बाजारात पुन्हा दावं धरायचं नाही, हा नियम. मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. म्हातारा तिम्माण्णा. त्यानंतर तो जत्रेत कधी दिसला नाही. लोक म्हणाले, घरीच खाटेवर पडून असतो.

नमुने घ्यायला आलेल्या माणसांना माती उचला म्हणायचं ठाऊक नव्हतं. त्यांनी बाजारातलं बोलणं ऐकलं आणि लिहून घेतलं. म्हणजे मीच ते लिहिलं.

"अण्णा, ती बावीस आपली गावठी होती. ती काठेवाडींच्या ढिगात पडलीत. आता सावळी आली, की यंत्राला तिचं निम्मं त्या बावीसांसारखं दिसतं आणि निम्मं खऱ्या काठेवाड्यांपेक्षा वेगळं. म्हणून ते मिश्र म्हणतं. ती बावीस बाहेर काढली, तर आपली गाढवं एक वेगळा वंश ठरतील. शुद्ध. ट्रक रिकामे जातील."

"मग काढ की."

"मी नाही काढू शकत. ज्यानं सांगितलं, त्यानंच खोटं होतं म्हणून सांगावं लागतं. अंगठा तुमचा आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अक्षर कुणाचं हाय?"

"माझं."

"मग तूच सांग. मला त्यात घेऊ नको."

"अण्णा!"

"चाळीस वर्सं या माळावर उभा हाय मी. इथं माझा शब्द चालतो. भिवा मान्याला विचार, त्या बाबूला विचार. सगळ्यांस्नी मी काठेवाडी म्हणून दिली. आता म्हातारपणी सगळ्यांच्या समोर सांगू, की म्या गावठी गळ्यात मारली? एका गाढवीपायी?"

"एकशे चाळीस आहेत. आणि ही पहिली जत्रा आहे. महिनाभरात सगळ्या जत्रा होतील. पुढच्या वर्षी या माळावर एकसुद्धा पट्ट्याचं गाढव दिसणार नाही."

"मग मी बी दिसणार न्हाई," अण्णा म्हणाले. ते उठले आणि धोतराला लागलेली माती झटकून निघून गेले. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

दोन वाजून गेले होते. मी पुन्हा तंबूत गेले आणि सरांना सगळं सांगितलं. माझं अक्षर, अण्णांचा अंगठा, बाजारातलं बोलणं. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"हे तू साडेबाराला का नाही सांगितलंस?"

"बाप आहे सर माझा."

"पुरावा?"

मी लहान पुंजक्यातले फोटो पुन्हा उघडले. "डाव्या कानाची खाच बघा. ही खाच प्रत्येक पालाची वेगळी. आमची टोकाला, मान्यांची मुळाशी, दोन खाचा बाबू धोत्र्यांच्या. विकत आणलेल्या जनावराला ती कधी देत नाहीत. जे शिंगरू आपल्या पालावर, आपल्या गाढवीच्या पोटी जन्मलं, त्यालाच सातव्या दिवशी. बावीसच्या बावीस कानांना खाच आहे. ती काठेवाडाहून आलेली असूच शकत नाहीत."

सर पडद्याजवळ गेले. एकेक फोटो मोठा करून पाहिला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"बारा वर्षं मी हे फोटो पाहतोय," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुत्र्यांनी कान तोडलेत."

"मग थांबवा ट्रक."

"खाचेचा अर्थ सांगणारी तू एकटी आहेस. तू माहितीदाराची मुलगी, अर्ज तूच लिहिलास, आणि आजच्या नारिंगी गाढवांत तुझ्या घरची नऊ आहेत. माझ्या जागी तू असतीस तर विश्वास ठेवला असतास?" ते टेबलाशी परतले. "मूळ माहितीदाराने साक्षीदारांसमोर जबाब दिला, तर मला जागच्या जागी स्थगिती देता येते. त्याशिवाय नाही. आणि अंबिका, संदर्भ-संचाशी तुझा संबंध आहे हे तू नोकरीला लागताना सांगायला हवं होतंस. मला तुझं ओळखपत्र घ्यावं लागेल."

मी ते गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ही म्हण आमच्याकडे रोज कुणावर ना कुणावर येते. तेव्हा ती माझ्यावर आली होती.

साडेतीनला चढवणं सुरू झालं. ट्रकला लाकडी फळी लावली होती आणि कंपनीची माणसं दोन-दोन गाढवं ओढत वर नेत होती. गाढवं ओरडत होती. एकाने सुरुवात केली की सगळा माळ ओरडतो. मालक बाजूला उभे होते. भिवा माने होता, अण्णांच्या वयाचा, कैकाडी, बाजारातला त्यांचा जुना वैरी आणि जुना मित्र. बाबू धोत्रे होता. सौराष्ट्रातले व्यापारीही येऊन थांबले होते.

सावळी फळीपाशी येऊन अडली. तिने पुढचे पाय रोवले आणि कान मागे टाकले. एकाने मागून काठी हाणली. ती हलली नाही. दुसऱ्याने शेपूट पिरगाळलं.

"मारू नका!" अण्णा गर्दीतून पुढे आले. "गाभण हाय ती. माझ्या हातानं चढंल."

त्यांनी दावं हातात घेतलं, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. सावळीचे कान पुढे आले. तिने एक पाय फळीवर ठेवला. अण्णांच्या शब्दावर ती चढणार होती.

मी धावत जाऊन फळीच्या आडवी उभी राहिले.

"बाजूला हो, अंबे."

"अण्णा," मी म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्या माळाला ऐकू गेला, "माती उचला."

गाढवं ओरडतच होती, पण माणसं एकदम माझ्याकडे वळली. भिवा मान्याने तोंडातला तंबाखू तसाच धरून ठेवला. बापाला माती उचल म्हणणारी मुलगी आमच्यात कधी झाली नाही, आणि होऊ नये.

"काय म्हणालीस?"

"बारा वर्षांमागं तुम्ही बावीस नमुन्यांना काठेवाडी म्हणालात. माती उचला आणि सांगा."

अण्णांनी हात उगारला. आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. मी डोळे मिटले नाहीत. हात तसाच वर राहिला. मग सावळीने मान वळवली आणि नेहमीच्या सवयीने त्यांच्या काखेत नाक खुपसलं, खाऊ शोधायला.

अण्णांचा हात खाली आला. ते हळूहळू वाकले. गुडघे दुखायचे त्यांचे, म्हणून एक हात सावळीच्या पायाला टेकवला. माती उचलली. उजव्या तळहातावर घेतली.

"ती बावीस गावठी हुती," ते म्हणाले. "त्यातली नऊ माझी. माझ्याच पालावर जन्मली. काठेवाडाचं तोंड बी मी बघितलं न्हाई. चाळीस वर्सं या बाजारात मी जी जी जनावरं काठेवाडी म्हणून दिली, ती सगळी गावठी. भिवा, तुला दिलेला नर बी."

हर्डीकरसर गर्दीच्या मागे येऊन उभे होते. त्यांनी हातातल्या फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं.

भिवा माने पुढे आला. तंबाखू थुंकला. "मला काय ठाव नव्हतं होय रं, दुर्गाप्पा? पट्टा दिसत हुता की खांद्यावर! सगळ्यास्नी ठाव हुतं. तू काठेवाडी सांगत हुतास, आमी बी पुढं तेच सांगत हुतो. त्यावर घरं चालली. आता तू बोलून दाखवलंस." त्याचा आवाज चढला. "बोलून कशाला दाखवलंस?"

"पोरीनं इचारलं."

"साक्षीदार हवेत," सर म्हणाले. "निदान दोन. खाचेबद्दल सांगणारे."

ट्रकवाल्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. चारला सात मिनिटं होती. भिवा मान्याने अण्णांकडे पाहिलं, मग ट्रकमध्ये चढलेल्या आपल्या अकरा गाढवांकडे. मला शिवी हासडली. अशी शिवी, की ती इथे लिहिता येणार नाही. मग तो वाकला आणि त्याने माती उचलली. त्याच्यामागून बाबू धोत्र्यांनी.

सरांनी तिथेच उभ्या उभ्या स्थगितीवर सही केली. ट्रकमध्ये चढवलेली गाढवं उतरवायला तासभर लागला. चढताना जितकी अडली, त्याहून जास्त ती उतरताना अडली.

पाचच्या सुमाराला सरांनी बावीस ठिपके काठेवाडींच्या ढिगातून बाहेर काढले आणि वेगळे ठेवले. त्यांत सकाळचे एकशे चाळीस नमुने मिसळले. यंत्र बराच वेळ चाललं. तंबूत आम्ही चौघं होतो, सर, अण्णा, भिवा माने आणि मी. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत, तंबूच्या दाराशी जमिनीवर बसले.

पडद्यावर ठिपके सरकले. आधी कडेला विखुरले, मग एका जागी येत गेले. काठेवाडींपासून लांब, कच्छींपासून लांब, स्पितींपासून आणखी लांब. दाट आणि लहान असा एक पुंजका झाला. सर खुर्चीतून उठले.

"सावळी किती?" मी विचारलं.

"शहाण्णव टक्के." मग ते म्हणाले, "कशाशी, ते अजून ठरायचंय. या ढिगाला नाव नाही."

भिवा माने हसला. पण लगेच त्याचं तोंड उतरलं. तो अण्णांच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. अण्णांनी कमरेला गुंडाळलेलं दावं सोडलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. आजोबांच्या हातचं, अंबाडीचं, तेल पिऊन काळं पडलेलं. दावं देताना अण्णा भिवाकडे पाहत नव्हते.

"आमी बी माती उचलली की रं," भिवा म्हणाला.

"तू साक्ष दिलीस. माल खोटा माझा हुता. रीत ती रीत."

"सावळीला शिंगरू झालं, की सांगावा धाड. खाच द्यायला यीन."

अण्णांनी मान हलवली. पुढच्या वर्षीच्या जत्रेत ते नसणार, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. सरांना कळलं की नाही, मला माहीत नाही. ते कपाटातून एक कोरा अर्ज शोधत होते.

"नव्या वंशाची नोंद," ते म्हणाले आणि अर्ज अण्णांच्या पुढे धरला. अण्णांनी तो हातात घेतला नाही. त्यांना वाचता येत नाही. सरांनी अर्ज माझ्याकडे वळवला, मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि थोडे ओशाळले. "कर्मचारी म्हणून नाही. माहितीदाराच्या वतीने लिहिणारी म्हणून चालेल."

मी अण्णांच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघ्यावर पाटी ठेवली, पाटीवर अर्ज. मालकाचं नाव लिहिलं. पालाचं ठिकाण लिहिलं. कानाची खूण, टोकाला एक खाच. मग तो रकाना आला. बारा वर्षांपूर्वी याच माळावर, याच रकान्यापाशी मी पेन थांबवून वर पाहिलं होतं.

"जात काय लिहू, अण्णा?"

अण्णांनी बाहेर पाहिलं. सावळी खुंट्याला बांधलेली होती आणि तिच्या कानातला नारिंगी बिल्ला कोणीतरी काढून टाकला होता. अण्णा बसल्या जागेवरूनच जमिनीकडे वाकले.

"आता नको अण्णा. आता कोणी विचारत नाही," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. त्यांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली आणि हात माझ्यासमोर उघडा धरला.

"गावठी लिही."

मी लिहिलं.